तबकड्या आणि ओव्या

माणसाला जुन्या वस्तूंचा लोभ का सुटत नाही, हे एक कोडेच आहे. आजोबांची पानाची चंची, आजीचा फिरकीचा तांब्या, दाराची पितळी कडी, कुणी पेटवत नाही असा कंदील. या वस्तू घरात जागा अडवतात आणि तरी त्या काढून टाकायला हात धजत नाही. पण त्यांच्या बाबतीत लोभाचे कारण सांगणे सोपे असते. त्या देखण्या असतात. पितळ घासले की लखलखते, चंचीवरचे भरतकाम पाहुण्याला दाखवता येते. हल्ली तर मोठ्या हॉटेलांतून कंदील आणि जाती शोभेला मांडलेली दिसतात.

माझा लोभ मात्र अगदीच अरसिक वस्तूंवर जडला आहे. माझ्या कपाटाच्या तळाच्या खणात बुटाचे एक खोके आहे. त्यात काही फ्लॉप्या आहेत, चरे पडलेल्या सीड्या आहेत, टेलिफोनच्या तारेला जोडायचा एक मोडेम आहे आणि जेमतेम आठ एमबी मजकूर मावणारा एक पेन ड्राइव्ह आहे. ना रंग, ना रूप, ना घाट. काळ्या-करड्या प्लॅस्टिकचे तुकडे ते! कोणत्याही दिवाणखान्यात त्यांना जागा मिळणार नाही. दर दिवाळीला साफसफाई निघाली की घरची मंडळी त्या खोक्याकडे बोट दाखवतात आणि "हे अजून आहेच का?" असे विचारतात. मी "आहे" म्हणतो. वाद तेवढ्यावर मिटतो.

पण खरे सांगायचे तर या वस्तू आपल्यातून पुरत्या गेलेल्या नाहीत. वर्गात मी कधी कधी विद्यार्थ्यांना एक प्रश्न टाकतो. संगणकावर लिहिलेले जतन करायचे म्हणजे ज्या चित्रावर बोट ठेवायचे, ते छोटे चौकोनी चित्र कशाचे? कुणी म्हणतो कपाटाचे, कुणी म्हणतो छापखान्याच्या यंत्राचे. ते चित्र साडेतीन इंची फ्लॉपीचे आहे हे सांगितले की मुले हसतात. दुसरा प्रश्न असा की, संगणकाच्या मुख्य कप्प्याला 'सी' का म्हणतात? 'ए' आणि 'बी' कुठे गेले? ते दोन्ही फ्लॉपीचे होते. थोरले दोघे भाऊ वारले आणि धाकट्याने त्यांच्या जागा रिकाम्याच ठेवल्या, असा हा प्रकार आहे. घरातल्या एखाद्या पाटावर कुणी बसत नाही, तसे ते 'ए' आणि 'बी' आजही मोकळे आहेत.

मी संगणक प्रथम पाहिला तो १९९१ साली, बेळगावात कॉलेजात असताना. संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आत वातानुकूल यंत्र, खिडक्यांना जाड पडदे आणि बोलणे हळू आवाजात. देवघरात शिरावे तसे आम्ही शिरत असू. यंत्राला हार्ड डिस्क नव्हती. एका खाचेत संगणक चालू करायची फ्लॉपी घालायची आणि दुसऱ्या खाचेत आपली. फ्लॉपी सव्वापाच इंचांची. हातात घेतली की कापडासारखी लवायची, म्हणूनच तिचे ते नाव. तिच्या कडेला एक चौकोनी खाच असे. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की आतला मजकूर सुरक्षित, कुणाला तो पुसता येत नसे. पट्टी काढली की पुन्हा लिहिता येई. कुलूपकिल्लीचे काम कागदाची एक पट्टी करत होती!

यंत्राला फ्लॉपी वाचता आली नाही की पडद्यावर तीन शब्द उमटत. अबॉर्ट, रिट्राय, फेल? सोडून देता, पुन्हा प्रयत्न करता, की हरलो म्हणता? एवढ्या नेमक्या शब्दांत आयुष्याचे पर्याय पुढे मला कुणी मांडलेले नाहीत. आम्ही सारे 'रिट्राय' दाबत असू. तीनदा, चारदा, पाचदा. मधूनच ती खरखर थांबून एकदम सुरळीत होई आणि फाइल उघडे. त्या क्षणी होणारा आनंद आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण आहे.

या फ्लॉपीचे घराणे तसे फार जुने नव्हे. आय.बी.एम. कंपनीने १९७१ साली आठ इंची फ्लॉपी आणली. मोठ्या संगणकाला सुरुवातीच्या सूचना पुरवणे एवढेच तिचे काम आणि मावायचे त्यात सुमारे ८० केबी. १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली. १९८१ मध्ये सोनी कंपनीने टणक कवचाची साडेतीन इंची आणली आणि १९८७ पासून तिचे १.४४ एमबीचे रूप घरोघरी पोहोचले. आत प्लॅस्टिकची पातळ गोल तबकडी, तिच्यावर लोहाच्या भस्माचा लेप आणि मिनिटाला ३०० फेरे. तबकडीच्या प्रत्येक बाजूला ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे १८ भाग, प्रत्येक भागात ५१२ अक्षरे. दोन्ही बाजूंचा गुणाकार केला की १४,७४,५६० अक्षरे होतात. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटो ठेवायला अशा तीन फ्लॉप्या लागतील.

पण त्या वेळी ते १४ लाखांचे शेत आम्हाला अफाट वाटे. आणि तरीही ते भरायचे! मग निवड करावी लागे. हे ठेवू की ते? हे पुसले तर चालेल का? फाइलीचे नाव आठच अक्षरांत बसवावे लागे, म्हणून नावाचाही विचार करावा लागे. आईने डब्यात चार भाकऱ्या बसतील एवढीच जागा पाहून कोणती भाजी द्यायची ते ठरवावे, तसे आम्ही फ्लॉपीत काय घालायचे ते ठरवत असू. पुढे सीडी आली. एका सीडीत सुमारे पाचशे फ्लॉप्यांचा ऐवज मावू लागला आणि हे ठरवणे हळूहळू संपले. आता माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत. त्यांतले कोणते ठेवायचे हे मी कधी ठरवलेलेच नाही.

इंटरनेटची कथाही अशीच. आपल्या देशात शिक्षणसंस्थांना जोडणारे 'अर्नेट' १९८६ च्या सुमारास सुरू झाले. सामान्य माणसासाठी मात्र विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला दार उघडले. ते दार मोठ्या शहरांत उघडले. आमच्या गावापर्यंत त्याची फट यायला आणखी काही वर्षे लागली. १९९९ च्या सुमारास खडेबाजारच्या बाजूला एका जिन्यावर पहिल्यांदा मी सायबर कॅफेत गेलो. प्लायवूडचे आडोसे, त्यांत एकेक संगणक, दारात चपलांचा ढीग आणि मालकाच्या टेबलावर एक वही. वहीत आल्याची वेळ लिहायची. तासाचे पैसे एवढे जास्त होते की मी पत्रे घरी कागदावर लिहून नेत असे आणि तिथे भराभर टंकत असे.

आणि तो मोडेमचा आवाज! आधी टेलिफोनचा साधा नाद, मग आकडे फिरल्याचे टिकटिक, मग एक शीळ, तिला उत्तर देणारी दुसरी शीळ, त्यानंतर दोघींचे कडाक्याचे भांडण आणि शेवटी पत्र्यावर पाऊस पडावा तशी खरखर. खरखर थांबली की जोडणी झाली असे समजायचे. त्या आवाजाला अर्थ होता. दोन मोडेम एकमेकांना विचारत असत की, तू किती वेगाने बोलू शकतोस, मी किती वेगाने ऐकू शकतो. दोघांना झेपेल तो वेग ठरला की मगच बोलणे सुरू होई. फार तर सेकंदाला ५६ हजार बिट. त्या वेगाने एक फ्लॉपीभर मजकूर यायला साडेतीन मिनिटे लागायला हवीत. आमच्या तारांवर दुप्पट-तिप्पट वेळ लागे. आणि घरात कुणी त्याच तारेवरचा दुसरा फोन उचलला की सारा डाव मोडला!

तरीही आम्ही रांगा लावत असू. बंगळुरात वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू केले होते आणि फुकट पत्रपेटी मिळते ही गोष्ट आम्हाला चमत्कारासारखी वाटे. मित्राला पुण्याला पत्र टाकले आणि त्याच तासात उत्तर आले, तो दिवस मला आठवतो. ते उत्तर मी दोन रुपये देऊन कागदावर छापून घेतले आणि घरी नेऊन आप्पांना दाखवले. आप्पांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "तिकीट कुठं आहे?"

आता कुणी म्हणेल, हे सगळे आपल्या तरुणपणाचे प्रेम आहे, फ्लॉपीचे नव्हे. म्हणणाऱ्याचे खोटे नाही. त्या वस्तू मुळात चांगल्या नव्हत्याच. फ्लॉपी पावसाळ्यात बुरशी धरायची. रेडिओच्या कर्ण्याजवळ ठेवली की लोहचुंबकाने पुसली जायची. मोडेम रडवायचा. वीस वर्षांचे असताना जे हाताशी असते ते पन्नाशीत गोड वाटते, हा नियमच आहे. आमच्या आधीच्या पिढीला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची आठवण येते. तीही तितकीच खरी आहे. जगाने मात्र या वस्तूंना निरोप दिला. १९९८ साली ॲपलने आयमॅक हा संगणक फ्लॉपीची खाच न ठेवताच विकायला काढला. सोनीने २०११ साली जपानमधली फ्लॉपीविक्री थांबवली. जपानच्या सरकारी नियमांतून फ्लॉपीचे नाव मात्र निघाले ते २०२४ साली! मंत्र्यांना त्यासाठी मोहीम काढावी लागली. सरकारी दप्तर कुठलेही असो, त्याची चाल एकच.

वस्तू गेल्या तर जावोत. प्रश्न आहे तो त्यांच्या पोटात जे होते त्याचा.

कागद म्हातारा होतो तो सर्वांच्या डोळ्यांदेखत. पिवळा पडतो, कोपरे झडतात, वाळवी लागते. माणसाला इशारा मिळतो आणि अर्धे पान तरी हाती लागते. तबकडीचे तसे नाही. ती बाहेरून तरुणच दिसते आणि एके दिवशी बोलायची थांबते. आणि ती स्वतः धडधाकट असली तरी तिला वाचणारे यंत्र मेले की तीही मुकीच.

या बाबतीत इंग्लंडचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १०८६ साली राजा विल्यमने आपल्या राज्यातल्या जमिनी, गुरे, गिरण्या यांची मोजदाद करून एक पुस्तक लिहवून घेतले. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बी.बी.सी.ने तशीच नवी नोंद करायचे ठरवले. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत शाळकरी मुले फार, आपापल्या गावाची माहिती आणि छायाचित्रे पाठवली. ते सारे मोठ्या लेसर तबकड्यांवर साठवले गेले. त्या वाचायला खास यंत्र लागे. पंधराएक वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि तबकड्या मुक्या होण्याची वेळ आली. २००२ च्या सुमारास संशोधकांनी नव्या संगणकाला त्या जुन्या यंत्राची नक्कल करायला शिकवले, तेव्हा कुठे मजकूर सुटला. १०८६ चे चामड्यावर लिहिलेले मूळ पुस्तक मात्र लंडनमधल्या क्यू येथील अभिलेखागारात आजही जसेच्या तसे वाचता येते.

असे उदाहरण पाहायला आपल्याला इंग्लंडला जायचेही कारण नाही. आपल्याच कर्नाटकात, श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतला एक जुना शिलालेख आहे. चावुंडरायाने ही मूर्ती करवली, एवढाच त्याचा अर्थ. तीच गोष्ट तिथे कन्नडमध्येही कोरलेली आहे आणि तमिळमध्येही. शतके उलटली, पण तो वाचायला वीज लागत नाही. उलट आम्ही इंटरनेटवर जी घरे बांधली ती पाहा. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी लाखो लोकांनी फुकटात आपापली पाने उभी केली होती. २६ ऑक्टोबर २००९ ला ते बंद झाले. ऑर्कुटवर आपल्या देशातल्या किती तरुणांनी मैत्रीच्या आणाभाका लिहिल्या असतील! ३० सप्टेंबर २०१४ ला त्यालाही टाळे लागले. ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली 'इंटरनेट आर्काइव्ह' स्थापन केले, म्हणून त्या काळची काही पाने अजून पाहायला मिळतात. बाकीची धर्मशाळेतल्या भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या नावांसारखी गेली.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की हा गृहस्थ कागदाची आणि दगडाची बाजू मांडणार. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. पण आमच्याच घरात एक गोष्ट घडली आणि माझे मत बदलले. ती सांगतो.

आमचे आप्पा खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. नोकरीनिमित्त ते नंदगड, हलशी, गुंजी, जांबोटी असे फिरले. जिथे जात तिथे बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेण्याचा त्यांना नाद होता. पुरुषासमोर बायका गात नसत, म्हणून ते माझ्या आत्याला बरोबर नेत. आत्या आत जात्यापाशी बसायची, आप्पा बाहेर सोप्यावर वही घेऊन. आतून ओवी यायची आणि बाहेर ती कागदावर उतरायची. आमच्या भागातल्या त्या ओव्या! मराठीत चालता चालता मध्येच 'तंगी' म्हणून धाकट्या बहिणीला हाक मारणाऱ्या. दोन्ही भाषांचे पीठ एकाच जात्यातून पडत होते. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुढे अशा ओव्या फार मोठ्या प्रमाणावर गोळा केल्या. त्यांच्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत. आप्पांना त्याची काही कल्पना नव्हती. त्यांच्या वह्यांत ३१२ ओव्या होत्या.

१९९८ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी पेन्शनच्या पैशातून त्या डी.टी.पी.च्या एका दुकानात टाइप करून घेतल्या. पुस्तक काढायचे होते. ते राहून गेले. दुकानदाराने तीन फ्लॉप्या दिल्या. पहिल्या दोन फ्लॉप्यांत ओव्या, तिसरीत गाणाऱ्या बायकांची नावे आणि गावे. आप्पा शिस्तीचे शिक्षक. प्रत्येक ओवीखाली 'बाई क्र. ७', 'बाई क्र. १२' असा आकडा आणि आकड्याचा उलगडा तिसऱ्या फ्लॉपीत. २००६ साली आप्पा गेले. वह्या खानापूरच्या घरी लाकडी पेटीत राहिल्या, फ्लॉप्या माझ्याकडे बेळगावला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेचे पाणी आमच्या त्या घरात शिरले. पेटी दोन दिवस पाण्यात होती. वह्या बाहेर काढल्या तेव्हा कागद शाबूत होता, पण आप्पा शाईच्या पेनने लिहीत. निळ्या शाईचे पाणी झाले होते. पानामागून पान आकाशासारखे निळे आणि कोरे. ज्या कागदाची मी थोरवी गातो, तो असा गेला. उरल्या त्या तीन फ्लॉप्या, ज्यांना मी नावे ठेवत आलो.

फ्लॉपी वाचणारे छोटे यंत्र मी मागवून घेतले. पहिली फ्लॉपी खरखरली आणि उघडली. दुसरीला बुरशी आली होती. एका जाणत्या दुरुस्तीवाल्याने तिचे कवच उघडून तबकडी स्पिरिटच्या बोळ्याने हलक्या हाताने पुसली, दुसऱ्या कवचात बसवली आणि तीही बोलली. तिसरी नाही बोलली. रिट्राय, रिट्राय, रिट्राय. तिच्या तबकडीवरचा लेपच वर्तुळाकार खरवडला गेला होता. जिथे लेप नाही तिथे अक्षर नाही.

पण पहिल्या दोन तरी हाती आल्या म्हणून मी फाइल उघडली. पडद्यावर काय, तर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे, उद्गारचिन्हे यांचा खच! एक शब्द लागेल तर शपथ. याचे कारण त्या काळच्या मराठी टंकलेखनात आहे. संगणकाला मराठी येतच नव्हते. फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली होती. संगणक मनात इंग्रजीच साठवायचा, वर मुखवटा मराठीचा. तो फाँट गेला की मुखवटा गळाला. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. भारतीय लिप्यांसाठी सरकारी प्रमाण संकेत १९९१ पर्यंत तयार झाला होता, युनिकोडमध्येही देवनागरीला त्याच वर्षी जागा मिळाली, पण डी.टी.पी.च्या दुकानांपर्यंत ते पोहोचायला पुढे कितीतरी वर्षे लागली.

स्टाफरूममध्ये मी हे सांगत होतो तेव्हा कन्नड विभागातले माझे सहकारी हसले आणि म्हणाले, "नम्दू अदे कथी री, सर!" त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध असाच एका जुन्या कन्नड फाँटमध्ये अडकला होता. भाषांचे वाद बाहेर कितीही चालोत, त्या दिवशी दोन्ही भाषा एकाच तुरुंगात आहेत हे आम्हाला कळले. सुटकाही एकीनेच झाली. संगणक विभागातल्या एका विद्यार्थिनीने, ती कन्नड माध्यमातून आलेली, कोणत्या चिन्हाखाली कोणते अक्षर आहे याचा तक्ता माझ्याकडून करून घेतला आणि एक प्रोग्रॅम लिहिला. सर्वांत छळले ते ऱ्हस्व वेलांटीने. जुन्या फाँटमध्ये वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, जशी तोंडाने म्हणतो तशी. रफाराची तऱ्हा आणखी तिसरी. महिनाभर खटपट चालली. आणि एका संध्याकाळी पडद्यावर पहिली ओवी सलग मराठीत उमटली. मी ती मोठ्याने वाचली. ती मुलगी म्हणाली, "सर, ही चाल आमच्या आजीचीच आहे. फक्त शब्द कन्नड."

३१२ ओव्या परत आल्या. पण त्यांच्याखाली आकडे. बाई क्रमांक ७. बाई क्रमांक १२. एकूण सत्तावीस बायका आणि नाव एकीचेही नाही. तालुक्याच्या जमीनमहसुलात ज्यांचे नाव कधी लागले नाही, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांचे नाव एका ठिकाणी लिहिलेले होते, ते नेमके त्या खरवडलेल्या वर्तुळात गेले.

मी कागदावर मोठ्या अक्षरात ओव्या छापल्या आणि आत्याकडे गेलो. आत्याला चौऱ्याऐंशी वर्षे झाली आहेत, दिसते कमी. मी वाचायचो, ती ऐकायची. ऐकता ऐकता हात मांडीवर गोल फिरू लागायचा. "ही नंदगडची, कुंभारवाड्यातली. ओवीच्या शेवटाला ती असा हेल काढायची." मग नाव सांगायची. कधी एखाद्या ठिकाणी मला थांबवायची, "तसं नव्हे रे, 'माझ्या माहेरा' नव्हे, 'माझ्या माहेरी'." प्रोग्रॅमने केलेली चूक ती कानाने पकडायची. चार दुपारींत तिने अकरा नावे दिली. त्या बायकांपैकी बहुतेक आता नाहीत.

त्या चार दुपारींनी मला एक गोष्ट शिकवली. टिकाऊ म्हणून काही नसतेच. कागद भिजला, तबकडी झिजली, फाँट मेला, आत्याची नजर गेली. टिकले ते एवढ्याचसाठी की कुणीतरी ते वेळेवर दुसऱ्या जागी उतरवून घेतले. ओवी जात्यावर टिकली ती सासूकडून सुनेने घेतली म्हणून. ज्ञानेश्वरीचे तरी काय? नकला करता करता पाठ भ्रष्ट झाले, तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये जुन्या प्रती जुळवून शुद्ध प्रत सिद्ध केली. आपण ज्याला 'फाइल करप्ट झाली' म्हणतो, त्यावरचा उपाय आपल्याला चारशे वर्षांपूर्वीच ठाऊक होता. जपणे म्हणजे पेटीत ठेवून कुलूप लावणे, अशी आपली समजूत असते. पेटीत ठेवलेले झोपी जाते. उतरवून घेतलेले जागे राहते.

म्हणून आजच्या मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. तुमच्या फोनमध्ये आजोबांचा आवाज असेल, आईने सांगितलेली कृती असेल, मित्राचे शेवटचे पत्र असेल. ते जिथे आहे ते ठिकाणही एक दिवस जिओसिटीजसारखे बंद होईल. हजारो फोटोंतले जे खरोखर हवे ते निवडा आणि दोन-तीन जागी उतरवा, निदान एक प्रत कागदावर. आणि त्याखाली ज्याचे आहे त्याचे नाव लिहा. आकडा लिहू नका.

आप्पांच्या ओव्या आता टाइप होऊन तयार आहेत. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवली आहे, एक आत्याच्या उशाशी आहे. पुस्तक मी अजून छापायला दिलेले नाही, कारण सोळा बायका अजून नुसते आकडे आहेत. या अंकाचे वाचक नंदगडचे असतील, हलशीचे असतील, गुंजी-जांबोटीकडचे असतील. सुट्टीत घरी जाल तेव्हा ग्रंथालयातल्या प्रतीतून चार ओव्या लिहून न्या आणि आपल्या आजीला वाचून दाखवा. मराठी असो की कन्नड, आजीला विचारा. बाई क्रमांक ७ ची ओवी पान ३ वर आहे. ती बहुधा हलशीची असावी, असे आत्या म्हणते.